पर्वाच्या भोजनात प्लास्टिकचं ताट कशाला?



आपण पाणी गाळूनच पितो. कांदा-बटाटा घरात आणत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी सोडतो. आणि दशलक्षण पर्वाचं सामूहिक भोजन आटोपलं की मांडवामागे प्लास्टिकच्या ताट-वाट्यांचा ढीग पडतो. खरकट्याच्या वासाने गाय येते आणि अन्नाबरोबर प्लास्टिकही गिळते. एकेंद्रिय जीव जपणाऱ्या आपण पंचेंद्रिय जिवाच्या पोटात हे घालतो. मला हे मान्य नाही.

‘हे पर्यावरणवाल्यांचं खूळ, धर्माशी काय संबंध?’ असं ऐकवलं जातं. संबंध थेट आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यातला एक प्रमादचर्या, म्हणजे गरज नसताना माती खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं. दहा मिनिटांच्या जेवणासाठी बनवलेलं आणि लगेच फेकलेलं ताट यात बसत नाही, तर काय बसतं? सरकारी कायदाही हेच सांगतो. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-चमच्यांवर देशभर 1 जुलै 2022 पासून.

कुणी म्हणेल, स्टीलची ताटं धुताना अप्काय जिवांची हिंसा होते. पण ताटात उष्टं न टाकता ताट धुऊन पिण्याची रीत आपलीच ना? मग घासायला पाणी लागतं किती? कागदी ग्लासाचंही कौतुक नको, त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. पळसाची पत्रावळ आपल्या भागात मिळते. तिच्यासाठी पानं तोडावी लागतात, हे खरं. म्हणून आधी स्टील, अडचण असेल तर पत्रावळ, प्लास्टिक मात्र नाहीच.

खरी अडचण वेगळी आहे. ‘इतकी भांडी घासणार कोण?’ उत्तर गृहीत असतं, बायका! म्हणून प्रत्येकाने घरून ताट, वाटी, पेला आणावा आणि जेवून स्वतः धुवावा. पुरुषांनीसुद्धा. संयम काय फक्त स्वयंपाकघरापुरता आहे?

हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव बघावं. 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा एकत्र बसते आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. जंगलातून काय, किती घ्यायचं, हे गावच ठरवतं. आपल्याकडे यालाच परिमाण म्हणतात. ते आपण वहीत लिहितो, ते लोक पाळतात. एवढं जंगल सांभाळणारं गाव आपल्या शेजारी आहे, आणि आपल्याला दोनशे ताटांचा निर्णय घेता येऊ नये?

घरातही करण्यासारखं पुष्कळ आहे. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत घाला. जुन्या साडीच्या पिशव्या शिवा, काठ वापरून त्या सुंदर दिसतात. पर्वात वाटायच्या प्लास्टिकच्या वस्तूंऐवजी त्याच पिशव्या द्या. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होते. मुलींना सोबत बसवा, हात चालतील आणि अपरिग्रह न शिकवता कळेल.

येत्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या मंडळात मांडा. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. ताटं विकत आणण्याआधीच बोला.