दाहाला सरसकट गुन्हेगार ठरवू नका

कंबरेत उसण भरली, घोटा मुरगळला, गुडघा सुजला की आपल्याकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी, तिने भागलं नाही तर दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच" असा आग्रह. या सवयीमागचा समज देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखाच मान्य आहे: दुखतं ते सुजेमुळे, सूज आणतात प्रतिकारसंस्थेच्या पेशी, तेव्हा त्यांना जितक्या लवकर दाबू तितकं चांगलं.

हा समज बिनबुडाचा नाही. ॲस्पिरिन सूज आणि वेदना वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि पुढे १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. जखमेपाशी जमलेल्या पांढऱ्या पेशी मज्जातंतूंची टोकं हुळहुळी करणारी रसायनं सोडतात, हेही निर्विवाद आहे. माझा आक्षेप आहे तो इथेच थांबण्याला.

कारण त्याच पेशींजवळ वेदनाशामकही असतं. जर्मन भूलतज्ज्ञ क्रिस्टोफ स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या एकाच मागच्या पायात दाह निर्माण केला आणि मग त्यांना थंड पाण्यात पोहायला लावलं. त्या ताणानंतर सुजलेल्या पायाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढली, निरोगी पायाची वाढली नाही. म्हणजे हा मेंदूतून साऱ्या शरीरावर होणारा परिणाम नव्हता. तो जखमेच्या जागीच घडत होता. सुजेत शिरलेल्या प्रतिकारपेशींमध्ये बीटा-एंडॉर्फिन आणि एन्केफॅलिन ही शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्यं सापडली. ताण आला की पेशी ती सोडतात आणि मज्जातंतूच्या टोकांवरचे ग्राहक ती पकडतात. दाहात त्या टोकांपर्यंत जास्त ग्राहक पोचवले जातात, हे विशेष. आणि प्रतिकारशक्ती दडपणारं सायक्लोस्पोरिन उंदरांना दिलं, तेव्हा हा आराम नाहीसा झाला. हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं.

यावर कोणी विचारेल, की जखमेतच शामक असेल तर मग दुखतं तरी का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माणसांवरच्याच एका प्रयोगात आहे. गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या सांध्यात नॅलॉक्सोन, म्हणजे अफूसदृश द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध, टोचलं गेलं. त्यांचं दुखणं वाढलं. १९९३ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेला हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला जाणवते ती वेदना या आतल्या उपचारानंतर उरलेली असते. तो नसता तर ती आणखी असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दाह दाबल्याने रुग्णाला बरं वाटतं, मग बिघडलं कुठे? बिघाड लगेच दिसत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या ल्युडा डायचेंको, जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नव्याने कंबर धरलेल्या ९८ रुग्णांचा तीन महिन्यांचा मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांचं दुखणं गेलं, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची मोठी हालचाल दिसली होती. ज्यांचं रेंगाळलं, त्यांच्यात ती नव्हती. उंदरांना सुरुवातीलाच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक दिल्यावर तात्पुरता आराम पडला, पण दुखणं लांबलं. दाहाला हात न लावणाऱ्या वेदनाशामकांनी ते लांबलं नाही. बाहेरून न्यूट्रोफिल टोचल्या, तेव्हा औषधाने ओढवलेलं हे लांबणं टळलं.

ब्रिटनच्या बायोबँकेतल्या नोंदींतही दाहशामकं घेणाऱ्यांचं कंबरदुखणं टिकून राहण्याचा धोका जास्त आढळला. ज्यांना जास्त दुखतं तेच जास्त गोळ्या घेतात, असं त्यावर म्हणता येईल, आणि या नोंदींपुरती ती हरकत मला मान्य आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मात्र ती लागू पडत नाही.

याचा अर्थ गोळ्या फेका, असा कोणी काढला तर तो मी तितक्याच जोराने खोडून काढेन. संधिवाताभ सांधेदुखीत प्रतिकारसंस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिथे दाह आवरला नाही तर हाडं झिजतात, बोटं वाकडी होतात, आणि टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी अनेकांना त्यातून वाचवलं आहे. अशा रुग्णाने स्वतःच्या मनाने औषध बंद करणं घातक आहे. प्रतिकारशक्ती 'वाढवून' देणाऱ्या चूर्णांचा आणि काढ्यांचा बाजारही या संशोधनाचा आधार घेऊ शकत नाही. इथे प्रश्न शक्ती कमी की जास्त हा नाही; कोणत्या पेशी, कुठे, कधी, असा आहे. २०२५ मध्ये तर मादी उंदरांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणातल्या नियामक टी-पेशी एन्केफॅलिन बनवून वेदना दाबतात असं दिसलं. नरांमध्ये तो परिणाम आढळला नाही.

मग माझी मागणी काय? एक तर दाहशामकाचं यश तिसऱ्या दिवशीच्या आरामावर मोजणं पुरेसं मानू नये. ताज्या कंबरदुखीच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी, एका गटाला दाहशामक आणि दुसऱ्याला दाहाला न छेडणारं वेदनाशामक द्यावं, आणि तीन महिन्यांनी, वर्षाने कोणाची कंबर दुखते ते पाहावं. आणि तोवर, साध्या मुरगळीसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन मागणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी दोन मिनिटं बसवून सांगावं, की सुजेत जमलेल्या पेशी त्याचं दुखणं उतरवण्याच्या कामालाही लागलेल्या आहेत.