पायथा म्हणजे पडीक जमीन नव्हे

परळच्या आमच्या शाळेत एकदा मी विचारले, "नळाचे पाणी कुठून येते?" "गच्चीवरच्या टाकीतून, सर," एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. त्याचे उत्तर चूक नव्हते, अपुरे होते.

मुलांनो, दादरहून कसाऱ्याची लोकल पकडा आणि खिडकीशी बसा. कल्याणनंतर भातशेती दिसू लागते. आसनगावच्या पुढे साग, ऐन, पळस, मोह अशी झाडे दिसतात. कसाऱ्यापुढे सह्याद्रीचा घाट लागतो. सपाट शेते आणि डोंगरावरचे रान यांच्यामधला हा पट्टा म्हणजे डोंगराचा पायथा. येथे शेतातले आणि रानातले, दोन्हीकडचे पशुपक्षी आढळतात. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकते. कातकरी, ठाकर लोक येथील रानभाज्या आणि मोहाची फुले गोळा करतात.

मुंबईला पाणी देणारी तानसा व भातसा ही धरणे याच पट्ट्यात, शहापूर तालुक्यात आहेत. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पायथ्यावरची झाडे पावसाचा मारा झेलतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी जमिनीत मुरते. झाडे तोडली, उतार खणला, की माती वाहून जाते व धरणात गाळ साचतो.

तरीही आपण या जमिनीला 'पडीक' म्हणतो. "हे ना शेत, ना जंगल. मग येथे बांधकाम केले तर काय बिघडले?" असे काहीजण विचारतात. रस्ते आणि घरे हवीत, हे मलाही मान्य आहे. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा याच तालुक्यातून सुरू झाला. त्यामुळे लोकांची सोय झाली. पण रस्त्यामागून येणाऱ्या प्रत्येक बांधकामासाठी उतार कापू देणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. धरणे त्यांच्या शेजारी, पाणी मात्र आपल्या नळाला! त्यांची तहान भागवणे हेही मुंबईचे कर्तव्य आहे.

उर्दूत आपण पायथ्याला 'दामन' म्हणतो. दामन म्हणजे वस्त्राचा खालचा काठ. काठ फाटू लागला, तर शहाणा माणूस तो वेळीच शिवतो. सारे वस्त्र फाटण्याची वाट पाहत नाही.