मी कुठे आलेय?

परवा आईने फोनला हवामान विचारलं. त्याने सांगितलं. आईला सवयच, ती त्यालाही थँक्यू म्हणाली! त्यावर फोन म्हणाला, "तुमचं स्वागत आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. "अरे, मी कुठे आलेय? मी तर केव्हाची इथेच बसलेय."

खूप हसलो. मग जरा लाज वाटली, कारण हेच वाक्य मी स्वतः एका सॉफ्टवेअरमध्ये घातलंय. एक्सेलमध्ये डावीकडे इंग्रजी वाक्यं, उजवीकडे मराठी भरायचं. कोण कुणाला, कधी म्हणतंय याचा पत्ता नाही. 'यू आर वेलकम' दिसलं, 'तुमचं स्वागत आहे' ठोकलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

खरं तर स्वागत म्हणजे सु + आगत. शब्दातच 'येणं' आहे. फ्रेंच 'बियांव्हन्यू'चंही तेच. अरबीतलं 'अहलन व सहलन' मला सगळ्यात आवडतं. अहल म्हणजे आपली माणसं, सहल म्हणजे सपाट, सोपी जमीन. आलात ते आपल्याच माणसांत, सोप्या वाटेवर! इंग्रजी वेलकमसुद्धा मुळात दारात आलेल्या पाहुण्यासाठीच. आभाराला उत्तर देणं ही त्याची नंतरची नोकरी.

पॅरिसमध्ये 'मेर्सी' म्हटलं की 'द रियां' असं उत्तर मिळतं, म्हणजे 'काही नाही हो'. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मात्र फ्रेंच बोलणारेच लोक 'बियांव्हन्यू' म्हणतात. शेजारच्या इंग्रजीची छाप, दुसरं काय!

कोणी म्हणेल, भाषा बदलतच असते, मग एवढं काय? मान्य. पण तिथे ते माणसांच्या बोलण्यातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारातून आलं. आपल्याकडे ते माझ्यासारख्याने घाईत भरलेल्या रकान्यातून येतंय. आणि आपल्याकडे 'अहो, त्यात काय!', 'आभार कसले मानता?' अजून चांगलं जिवंत आहे की!

अमेरिकेतली माझी भाची मराठी ऐकते ती थोडी आजीकडून, उरलेली फोनकडून. उद्या तिला यातलं कुठलं मराठी खरं वाटेल? मला या प्रश्नाची भीती वाटते.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर ती ओळ उघडून 'त्यात काय!' असं करणार आहे. तपासणाऱ्याने 'शब्दशः नाही' असा शेरा मारलाच, तर त्याला आईसमोर बसवीन.