जखमेला पारपत्र विचारणारी व्यवस्था

उपचाराचा अधिकार गरजेवरून ठरावा, खिशावरून नव्हे, हे तत्त्व घेऊन अन्यूरिन बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. आज त्या तत्त्वाचे काय उरले आहे? लंडनमध्ये पाय मोडलेल्या भारतीय पर्यटकावर अपघात विभागात विनामूल्य उपचार होतात. परंतु त्याला वॉर्डात दाखल करताच आकारणी सुरू होते. थॅचर सरकारने १९८२ साली आणलेल्या या आकारणीचा दर इंग्लंडमध्ये २०१५ पासून अधिकृत दराच्या दीडपट आहे. ही खर्चाची भरपाई नव्हे, नफेखोरी आहे.

परक्याने फुकट का घ्यावे, असा प्रश्न केला जातो. तो फसवा आहे. पर्यटकही मुक्कामावर आणि उपाहारगृहातील जेवणावर वीस टक्के मूल्यवर्धित कर भरतच असतो. अप्रत्यक्ष करांचा हा मुद्दा बेव्हन यांनी १९५२ सालीच मांडला होता. परका हुडकायचा तर प्रत्येकाचीच कागदपत्रे तपासावी लागतील, हेही त्यांनी बजावले होते. विमा काढावा, हा उपदेशही पोकळ आहे; विमा म्हणजे ऐपतीचीच दुसरी परीक्षा.

ज्या देशांशी ब्रिटनचा परस्पर उपचाराचा करार आहे, त्यांच्या प्रवाशांना तातडीच्या उपचारांत सूट मिळते. भारताचा असा करार नाही. तो करण्याची मागणी समाजवाद्यांनी लावून धरली पाहिजे. मात्र परस्पर करार म्हणजे परतफेडही आली. त्यासाठी आपली सरकारी रुग्णालये आधी आपल्याच गरिबांना उपचार देण्याजोगी करावी लागतील.