विटाळ रोगाचा नव्हे, लाजेचा!

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे सुरू होतात. थळ असो, अलिबाग असो, पेण असो की महाड, मंडप तोच आणि टेबलेही तीच. बीपी, शुगर, डोळे, रक्तदान. हे काम चांगलेच आहे, त्यात दुमत नाही. पण लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची माहिती देणारे, तपासणी कुठे होते हे सांगणारे एक तरी टेबल तुम्ही अशा मंडपात पाहिले आहे का? विषय काढा, भलाभला कार्यकर्ता आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "जाऊ द्या हो, मंडपात बायाबापड्या आहेत."

बायाबापड्या आहेत म्हणूनच तर बोलायचे आहे, मित्रांनो!

या आजारांना आपल्या समाजाने नाव काय दिले? गुप्तरोग. मलेरियाला कोणी गुप्त म्हणत नाही, टीबीला म्हणत नाही. जंतू तर इथेही जंतूच आहेत. गरमी म्हणजे उपदंश हा एका जिवाणूमुळे होतो, परमा दुसऱ्या जिवाणूमुळे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू आहेत. या जंतूंना जात कळत नाही, लग्न कळत नाही, पाप-पुण्य कळत नाही. मग रोग्याने तोंड लपवायचे कशासाठी?

कारण आपल्या डोक्यातून विटाळ गेलेला नाही. शरीरातून जे काही बाहेर येते ते अपवित्र, त्याला हात लावणारा अपवित्र, आणि ज्याला ते झाले तो कायमचा बाटलेला, ही शिकवण कोणाची आहे हे आंबेडकरी तरुणाला वेगळे सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? शेण आणि गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. आपण दरवर्षी महाडला जाऊन त्या शुद्धीकरणाचा धिक्कार करतो. आणि घरी परत येऊन एचआयव्ही झालेल्या भावजयीचे ताट-वाटी वेगळी ठेवतो! एकत्र जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही, हे माहीत असूनही ठेवतो. हा विटाळ नव्हे तर दुसरे काय?

आता कोणी म्हणेल, चळवळीपुढे याहून मोठे प्रश्न आहेत. अत्याचार आहेत, बेकारी आहे, आरक्षणावर हल्ले आहेत. त्यांना इतिहासच उत्तर देतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ सालीच 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचा कामजीवनावरचा हक्क, सगळ्यांवर ते उघड लिहीत. 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली मुंबईच्या कोर्टात कर्व्यांचे वकील म्हणून कोण उभे राहिले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. आपल्या शेजारच्या चरीत शेतकऱ्यांचा संप पेटला होता आणि बाबासाहेब त्या कुळांच्या बाजूने होते. मोठे प्रश्न त्यांच्यापुढे नव्हते की काय? तरी त्यांनी जन्माने ब्राह्मण असलेल्या, समाजाने वाळीत टाकल्यासारख्या एका माणसाचे वकीलपत्र घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ साधा होता. लोकांना प्रश्न पडतात, तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे. कोणाला त्यात विकृती दिसत असेल तर तीही ज्ञानानेच दूर होईल. कोर्टाने कर्व्यांना २०० रुपये दंड केला. खटला हरला, पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते याची नोंद राहिली. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा प्रश्न मांडला, तोही त्यांचाच विचार. तोही फेटाळला गेला.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे आणि तो थट्टेने उडवून लावण्यासारखा नाही. "आपल्या समाजाला आधीच हे लोक चारित्र्यहीन म्हणतात. आपणच असले विषय काढले तर त्यांना आयते कोलीत मिळेल." ही भीती हवेतली नाही. देवदासी, मुरळी, जोगतीण म्हणून कोणाच्या लेकी सोडल्या गेल्या आणि त्यांच्या अंगावर कोण पोसले गेले, हे आपण जाणतो. शोषण त्यांनी केले आणि बदनामी आपल्या वाट्याला आली. पण या भीतीला उत्तर म्हणून आपण काय करतो? सवर्णांच्या शुचितेचीच फूटपट्टी उचलतो आणि आपल्याच बायकांना मोजायला लागतो. बदनामीच्या भीतीने गप्प बसलेला समाज अब्रूदार होत नाही, फक्त आजारी राहतो.

आणि आजारी सर्वांत जास्त कोण राहते? बाई. क्लॅमिडिया हा आजार बहुतेक बायकांमध्ये काहीच लक्षण दाखवत नाही. आतल्या आत गर्भनलिका खराब करतो. मग मूल होत नाही म्हणून गावभर तिला वांझ म्हणतात, अंगारे-धुपारे होतात, दुसरे लग्न ठरते. आजार आणला कोणी, हे कोणी विचारत नाही. उपदंश झालेल्या गरोदर बाईवर वेळेत उपचार झाले नाहीत तर मूल पोटात दगावू शकते किंवा आजार घेऊनच जन्माला येते. एचपीव्ही हा विषाणू गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मुख्य कारण आहे.

पुरुषांची समजूत वेगळीच. जखम झाली होती, आपोआप भरली, म्हणजे बरे झाले! उपदंशाची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत खरोखर आपोआप जाते. आजार जात नाही. तो वर्षानुवर्षे रक्तात राहून मेंदू आणि हृदयापर्यंत जाऊ शकतो. अंगावर अशी जखम असताना एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही वाढतो. कर्व्यांनी मासिक सुरू केले तेव्हा पेनिसिलिन बाजारात नव्हते. आज सुरुवातीच्या अवस्थेतला उपदंश पेनिसिलिनच्या एका डोसने बरा होतो. औषध आले, पण आपली जीभ अजून १९२७ च्याही मागे आहे!

त्या गप्प जिभेवर धंदा कोण करते ते स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर बघा. 'गुप्तरोग, शर्तिया इलाज.' तंबूत बसलेला भोंदू हजारो रुपये उकळतो, कसल्याशा पुड्या देतो आणि पोरगा लाजेने तक्रारही करत नाही. बुवाबाजीविरुद्ध आपण मोर्चे काढतो. ही बुवाबाजी मात्र आपल्या मौनावर जगते.

आता आपल्या किनाऱ्याचे बोलू. थळ-अलिबागच्या पट्ट्यात खत कारखान्याचे कंत्राटी कामगार आहेत, बोटीवरचे परप्रांतीय खलाशी आहेत, ट्रकचालक आहेत, रिसॉर्टमध्ये राबणारी मुले-मुली आहेत. लगेच लोक बोट दाखवतात, 'हे बाहेरचे लोक रोग आणतात.' हीच ती जुनी खोड. आजार माणसाच्या गावावर ठरत नाही. कंडोम वापरला की नाही, तपासणी झाली की नाही, उपचार मिळाला की नाही, यावर ठरतो. आणि ज्याला एका दिवसाची सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी जाते, तो सकाळच्या ओपीडीला जाणार कसा? दोष द्यायचाच तर कंत्राटी पद्धतीला द्या.

थळहून मिनीडोर पकडली की अलिबाग किती लांब आहे? अंतर रस्त्याचे नाही, 'कोणी ओळखीचे बघेल' याचे आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंना हे १८६३ सालीच कळले होते. बालहत्या प्रतिबंधक गृह काढताना त्यांनी विधवांना कीर्तन ऐकवले नाही. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, असे सांगितले. मदत मागणाऱ्याचे नाव राखणे आणि त्याला नावे न ठेवणे ही आपली परंपरा आहे.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला पुढील गोष्टी तोंडपाठ हव्यात. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशन मिळते. लैंगिक आजारांसाठी सरकारी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत, तिथे तपासणी आणि औषधे मोफत आहेत. माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री क्रमांक आहे. नवा जोडीदार असेल किंवा एकाहून अधिक असतील तर वर्षातून किमान एकदा, धोका जास्त असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करावी. संबंधानंतर लगेच केलेली एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नये, तीन महिन्यांनी पुन्हा करावी. धोका झाला असे वाटले तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठावा, प्रतिबंधक औषध मिळू शकते. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यावेत, नाहीतर आजार फिरून येतो. एआरटी औषधे सरकार २००४ पासून मोफत देते. ती नियमित घेऊन विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

आणि कायदाही सांगा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही, एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करता येत नाही. म्हणूनच 'लग्नाआधी मुलीची चाचणी करून घ्या' असे फर्मान काढणाऱ्या पुढाऱ्यांनाही आपला विरोध हवा. तपासणी हा दोघांनी आपणहून बजावायचा हक्क आहे, मुलीच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

येत्या जयंतीला मंडपात एक टेबल वाढवा. त्यावर समुपदेशक बसवा, शेजारी आडोसा ठेवा, कंडोमचा डबा उघडा ठेवा. आरोग्य केंद्राकडे संध्याकाळच्या वेळेची लेखी मागणी करा. आणि पहिली तपासणी मंडळाच्या अध्यक्षाने करून घ्यावी, म्हणजे मागच्या रांगेतल्या पोराची भीड चेपेल. 'शिका' या शब्दात स्वतःचे शरीर शिकणेही येते.

जय भीम!