गर्दीत उजळणारा रंग

वाचकहो, दाट पेरले की रोपे एकमेकांना वाढू देत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तर आपण विरळणी करतो. चमकणाऱ्या रंगांचेही तसेच, असे रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते. जर्मनीत फॉर्स्टर आणि कास्पर यांनी १९५४ साली दाखवले होते, की पायरीन नावाच्या पदार्थाचे द्रावण दाट होत गेले की त्याचा मूळ प्रकाश मंदावतो.

हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात बेन झोंग टांग यांच्या एका विद्यार्थ्याला मात्र उलटेच दिसले. सायलोल नावाच्या पदार्थाचा ठिपका अतिनील दिव्याखाली ओला असताना काळा, आणि वाळताच लख्ख! चूक म्हणून टांग यांनी ते सोडून दिले नाही. त्याचा छडा लावून २००१ साली प्रसिद्ध केले.

कारण ऐका. या रेणूला पंख्यासारखी पाती असतात. सुटा असला की पाती फिरतात, मिळालेली शक्ती त्यातच खर्ची पडते. द्रावणात पाणी घातले की पाण्यात न विरघळणारे हे रेणू आपले आपण गोळा होतात. पाती अडकतात, आणि तीच शक्ती प्रकाश होऊन बाहेर पडते.

आज असे रंग जिवंत पेशींचे अंतरंग पाहायला उपयोगी पडतात. या कामाला चीनचा २०१७ सालचा निसर्गविज्ञानाचा पहिल्या श्रेणीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा तुमच्या पोराने शेतातले काही भलतेच येऊन सांगितले, तर त्याला हसू नका. एकदा बांधावर जाऊन पाहा.