दोन बहिणींच्या सह्या

अब्बांच्या शेताचे पैसे हाताशी होते. व्याज घरात चालत नाही, म्हणून भाडं येईल असं काही घ्यावं या विचारानं आम्ही धुळ्याहून जळगावला एक जुनी बिल्डिंग पाहायला गेलो. तीन मजले, आठ फ्लॅट, किंमत ४८ लाख.

दलालानं जिन्यातच हिशोब मांडला. आठ फ्लॅटचे दरमहा पाच-पाच हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार, म्हणजे सरळ दहा टक्के! वर जाऊन पाहिलं तर तीन फ्लॅटना कुलूप, बाकीचे पाच भाडेकरू साडेतीन हजार देतात. झाले २ लाख १० हजार. त्यातून घरपट्टी, मोटारीचं लाइटबिल आणि गच्चीची गळती अजून काढायचीच होती.

आपली काळी माती कपाशीला चांगली, पायाला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की भिंतींना तिरप्या भेगा जातात. भेग बुजवता येते. पण तळमजल्याच्या कॉलमचा गिलावा सुटून गंजलेली सळई दिसली, तर रंगाऱ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. बिल्डिंग फार जुनी नाही, या बोलण्यावर जाऊ नये. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन कोसळून १६ जण गेले, ती दहा वर्षांच्या आतबाहेरचीच होती.

एवढं असूनही भाव पाडून आम्ही घेतलीच असती. पण सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजून मरहूम वडिलांचंच नाव होतं. अम्मीही हयात नाहीत. विकणारे दोघे भाऊ चहा देताना सहज म्हणाले, "दोन बहिणी आहेत, एक भुसावळला, एक मालेगावला. त्यांना कशाला त्रास?"

दोन भाऊ, दोन बहिणी म्हणजे सहा हिस्से. एकेका बहिणीचे आठ लाख! भावांच्या खरेदीखतानं बहिणींचा हिस्सा विकला जात नाही. उद्या त्या किंवा त्यांची मुलं कोर्टात गेली तर आम्ही काय दाखवणार? वकील म्हणाले, रजिस्टर हक्कसोडपत्र करून घ्या. कायद्याला ते चालेल. पण माहेर तुटेल या भीतीनं, एक रुपया न घेता केलेली सही आम्हाला नको होती.

इसार दिला नाही. दोघींचे फोन नंबर मागितले आहेत. अजून आलेले नाहीत.